चित्रकलेचा तास आणि संगणकाची खोली

खान्देशातल्या तालुक्याच्या गावी बहुतेक माध्यमिक शाळांत दोन जागा ठरलेल्या असतात. एक चित्रकलेच्या सरांचं कपाट. त्यात सुकलेल्या पोस्टर कलरच्या बाटल्या, दोन-तीन मातीचे माठ, एक काचेचा ग्लास, प्लास्टिकची फळं आणि मागच्या वर्षीच्या परीक्षेचे नमुना कागद. दुसरी संगणकाची खोली. तिला कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांकडे किंवा कंत्राटी निदेशकाकडे. दोन्ही जागा एकाच व्हरांड्यात असल्या तरी एकीतलं काम दुसरीत कधी जात नाही. वेळापत्रक वेगळं, शिक्षक वेगळे, आणि मुलांच्या डोक्यातही ते दोन वेगळे विषय होऊन बसलेले.

या दोन जागा एक कराव्यात, असं माझं म्हणणं आहे. आठवी ते दहावीच्या मुलांना कला शिकवायची तर ती एका पूर्ण कामातून शिकवावी. काम हाताने सुरू व्हावं, माती-कागद-रंगातून जावं, मग कॅमेऱ्यात आणि संगणकात शिरावं, आणि शेवटी गावातल्या कुणाच्या तरी हातात पडावं. क्रम मात्र बदलू नये. यंत्र नंतर. ते हवंच, पण नंतर. मी शाळेत चित्रकला शिकवतो, आणि जे लिहितोय ते वर्गातल्या कामातूनच सुचलेलं आहे.

आज काय होतं ते आधी पाहू. आपल्याकडे शालेय चित्रकला म्हणजे कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा. या परीक्षांचं मोल मी कमी मानत नाही. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हा अभ्यासक्रम ज्याने कुणी मांडला त्याला कलेचा पाया काय असतो हे नीट ठाऊक होतं. खेड्यातल्या मुलाला या परीक्षेमुळेच पहिल्यांदा ब्रश हातात मिळतो, हेही खरं. पण इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत वाढीव गुण मिळू लागले, अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३, आणि चित्रकलेच्या तासाचा रंगच पालटला. पालक विचारतात, ‘सर, ए ग्रेड येईल ना?’ मग शिक्षकही तेच शिकवतो जे श्रेणी आणतं. स्मरणचित्रासाठी बाजार, जत्रा, पाणपोई, बसथांबा अशी चित्रं गाइडमधून पाठ करवून घेतली जातात. डोक्यावर टोपली घेतलेली बाई, फुगेवाला, पाठमोरा माणूस. या तीन आकृत्या कुठल्याही विषयात बसतात म्हणून आधीच घोटून ठेवायच्या.

रावेर-यावल पट्ट्यातलं मूल रोज केळीच्या बागेतून शाळेत येतं. घड कापताना माणूस खांदा कसा देतो, चिकाचे डाग सदऱ्यावर कसे पडतात, ट्रकमध्ये घड रचताना खाली काय अंथरतात, हे त्याने हजारदा पाहिलेलं असतं. परीक्षेत मात्र ते कधीही न पाहिलेल्या जत्रेतला कधीही न पाहिलेला फुगेवाला काढतं. नाव ‘स्मरणचित्र’, आणि त्यात त्याचं स्मरण कुठेच नाही. केळीची बाग काढ म्हटलं की मूल घाबरतं. ‘सर, माले येस नही.’ म्हणजे मला येत नाही. कारण ते चित्र गाइडमध्ये नसतं.

आता संगणकाच्या खोलीकडे वळू. ती उघडली तर मुलं टायपिंग करतात, पेंटमध्ये घर नि डोंगर काढतात, फार तर सादरीकरणाच्या स्लाइड बनवतात. घरी मोबाइलवर त्यांचा हात याहून कितीतरी पुढे गेलेला असतो. वाढदिवसाचे बॅनर, रील, तयार साच्यात फोटो बसवून केलेल्या शुभेच्छा. यांत त्यांचा उरक पाहून मोठी माणसं थक्क होतात. पण त्या साच्यात अक्षर तिथेच का आहे, पिवळ्यावर पांढरं का वाचता येत नाही, डोकं चौकटीच्या कडेला चिकटलं की बघणाऱ्याला का अवघडतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. साधन हातात आलं, नजर आली नाही.

या तुटलेपणाचा परिणाम पाहायचा तर गावातल्या चौकात उभं राहावं. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, चौक फ्लेक्सनी भरलेला असतो. हे फ्लेक्स करणारी मुलं आपल्याच शाळांतून गेलेली. दहावी-बारावीनंतर दुकानात बसली, कोरल आणि फोटोशॉप बघून-बघून शिकली. मेहनती मुलं आहेत. रात्री बारा वाजता नेत्याचा फोन आला तरी सकाळी फ्लेक्स लागलेला असतो. पण अक्षरांतली मोकळी जागा, शिरोरेखेची जाडी, रफार वरच्या ओळीला धडकणं, जोडाक्षरांची मोडतोड, तेरा रंगांची गर्दी... हे शिकवायची जागा शाळेत होती, चित्रकलेच्या तासात. तिथे अक्षरलेखन होतं, पण संगणक नव्हता. दुकानात संगणक आहे, पण अक्षरलेखन सांगणारं कुणी नाही. एकाच मुलाला दोन्ही गोष्टी एका वेळी मिळाल्या असत्या तर आपले चौक वेगळे दिसले असते, आणि त्या मुलाची कमाईही वेगळी असती.

‘पारंपरिक कला’ आणि ‘डिजिटल कला’ या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत, असा समज दोन्हीकडे आहे. एका बाजूला जुने शिक्षक म्हणतात, मोबाइलने मुलांचा हात गेला. दुसऱ्या बाजूला नव्या योजना आखणारे म्हणतात, आता कागद कशाला, टॅब द्या. दोघांनाही मी आपल्याच भागातला इतिहास दाखवीन.

अजिंठ्याची लेणी सरकारी नकाशावर शेजारच्या जिल्ह्यात असली तरी जळगावकराला ती आपली वाटतात, आणि आपल्या शाळांच्या सहली तिथेच जातात. १८१९ साली ती इंग्रजांच्या नजरेला पडली. १८४४ पासून रॉबर्ट गिल हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी तिथे राहून भित्तिचित्रांच्या तैलरंगात प्रतिकृती करू लागला. वर्षानुवर्षं त्याने ते काम केलं. त्या प्रतिकृती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात आले आणि हिवाळ्या-हिवाळ्याला थांबून पुन्हा प्रतिकृती केल्या. १८८५ मध्ये लंडनच्याच संग्रहालयात आग लागली आणि त्यांतल्याही अनेक गेल्या.

ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुलं हळहळतात. मग एक मुद्दा पुढे येतो. गिल हा चित्रकारही होता आणि छायाचित्रकारही. ब्रशने प्रतिकृती करणाऱ्या याच माणसाने नंतर कॅमेरा उचलला आणि लेण्यांची छायाचित्रं काढली. त्या काळी कॅमेरा हे आजच्या टॅबइतकंच नवं यंत्र होतं. त्याने ब्रश की कॅमेरा असा वाद घातला नाही. ब्रशने त्याला चित्राच्या आत नेलं, कॅमेऱ्याने ते जगभर पोचवलं. आणि जे. जे. च्या त्या विद्यार्थ्यांचं काय? त्यांनी केलेले अनेक कॅनव्हास जळाले, पण भिंतीसमोर बसून रेषेचा जो अभ्यास त्यांनी केला तो त्यांच्या हातात राहिला. पेस्तनजी बोमनजी हे त्यांच्यातलेच एक, पुढे नावाजलेले चित्रकार झाले. नक्कल जळते, नजर राहते. म्हणून मी मुलांना आधी हाताने काढायला लावतो आणि मगच फोटो काढू देतो. तसा लेण्यात फ्लॅश चालत नाहीच. अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं, आणि ते थांबणंच निम्मं शिक्षण आहे. गिल १८७९ साली वारला आणि त्याला भुसावळला पुरलं. भुसावळच्या मुलांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

दुसरं नाव चाळीसगावचं. केकी मूस. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ. इंग्लंडात कला शिकून आलेला हा पारशी माणूस चाळीसगावात स्थिरावला आणि आयुष्यातली कित्येक दशकं घराच्या फाटकाबाहेर फारसा पडलाच नाही. ते चित्रं काढत, शिल्पं करत, कागद कापून आकृत्या करत, आणि छायाचित्रं काढत. त्यांची खरी ओळख टेबलटॉप छायाचित्रणाची. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा पाडायचा, कॅमेरा नेमक्या उंचीवर ठेवायचा, आणि फोटोत अख्खं निसर्गदृश्य उभं करायचं. बघणाऱ्याला पटत नाही की हे एका खोलीत, एका टेबलावर घडलंय. त्यांचं घर आज कलादालन आहे.

आज ज्याला सिनेमावाले ‘सेट’ म्हणतात, ‘मिनिएचर’ म्हणतात, ते सगळं या माणसाने खान्देशातल्या एका रेल्वे-गावात बसून केलं. त्यांच्याकडे महागडी साधनं असती तर ते काम अधिक चांगलं झालं असतं का? मला नाही वाटत. ते काम चांगलं आहे कारण कॅमेरा उचलायच्या आधी त्यांच्या हाताने चित्र काढलं होतं, माती मळली होती, कागद कापला होता. उजेड कुठून यावा हे कॅमेरा सांगत नाही, चित्रकार सांगतो. चाळीसगाव, पाचोरा, भडगावच्या किती शाळांची सहल या घरी जाते? सहलीला पन्नास-साठ मैल जाणारी मुलं आपल्याच जिल्ह्यातल्या या माणसाचं नाव न ऐकता दहावी होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि फैजपूर. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन इथे भरलं, हे आपण इतिहासात वाचतो. त्या नगरीची सजावट गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांवर सोपवली होती, आणि त्यांनी ती बांबू, तट्ट्या, गवत अशा गावातच मिळणाऱ्या सामानातून उभी केली, हे मात्र वर्गात सांगितलं जात नाही. भारतातल्या त्या काळच्या सर्वात मोठ्या चित्रकारांपैकी एकाने यावल तालुक्यातला बांबू हातात घेतला. आमची मुलं मात्र ‘क्राफ्ट’ म्हणून थर्माकोल आणि चमकी आणतात.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. जे करता येतं, झालेलं आहे, तेवढंच लिहितो.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे घरोघर गुलाबाई बसते. मुली जमतात, गाणी म्हणतात, डब्यातला खाऊ ओळखतात. गुलाबाई आणि गुलोजींची मातीची मूर्ती पूर्वी घरी किंवा कुंभारवाड्यात होई, आता बाजारातून रंगवलेली येते. आठवी-नववीच्या मुलामुलींनी या मूर्ती आणि गाण्यातली पात्रं स्वतः घडवायची. पोळ्याला मातीचे बैल करणारे हात असतातच वर्गात, त्यांना पुढे करायचं. आजीकडून एक गाणं मिळवायचं, तेही अहिराणीत, म्हणजे खान्देशच्या बोलीत, जसं आजी म्हणते तसं, आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचं. मग त्या गाण्यावर अ‍ॅनिमेशन. मातीची बाहुली जरा हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा जरा हलवायची, पुन्हा फोटो. सेकंदाला बारा चित्रं धरली तर अर्ध्या मिनिटाच्या गाण्याला ३६० फोटो लागतात. एक मोबाइल पुरतो. विटांच्या आधाराने तो पक्का बसवायचा. खिडक्या झाकून बल्बचा उजेड घ्यायचा, नाहीतर ऊन सरकतं तसं चित्र लुकलुकतं. मध्येच वीज गेली तर बाहुलीला हात लावायचा नाही, ती येईपर्यंत गाणी म्हणत बसायचं.

या एका कामात काय काय येतं पाहा. मातीकाम, शरीररचना, तोल. हात वर गेला की खांदा कुठे जातो. हालचालीचा वेग, म्हणजे गणित. भाषा, आणि तीही घरातली, जी शाळेत बोलली की पूर्वी छडी मिळायची. उजेड. ध्वनी. आणि धीर, जो शिकवायला दुसरा कुठला विषय मला ठाऊक नाही. पडद्यावर आपण केलेली बाई पहिल्यांदा चालते, तेव्हा वर्गातलं सगळ्यात दंगेखोर पोरगंही श्वास धरून बघतं. ते मूल पुन्हा कधी ‘माले येस नही’ म्हणत नाही.

अक्षरलेखनाचं काम मला याच्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, जरी त्यात मुलांना आधी मजा येत नाही. गावातली एक किराणा दुकानाची किंवा पिठाच्या गिरणीची पाटी निवडायची. मालकाशी बोलायचं. पाटी बोरूने, म्हणजे टोक तिरकं कापलेल्या लेखणीने, कागदावर दहा तऱ्हांनी लिहायची. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी हस्तलिखितं आहेत. ती पाहिली की बोरूचा कट अक्षराला जाडी-बारकी कशी देतो ते चटकन कळतं, पुस्तकातून कळत नाही. निवडलेलं अक्षर मग संगणकात घ्यायचं. इंकस्केप नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि शाळेतल्या जुन्या संगणकावरही चालतं. रंगवायला क्रिटा आहे, तेही फुकट. इंकस्केपमध्ये एक सोय अशी की बटण दाबलं की फोटोतल्या अक्षराची बाह्यरेषा ते आपोआप काढून देतं. मुलं आधी तेच करतात. मग मी ती रेषा मोठी करून दाखवतो. शेकडो बिंदू, खडबडीत कडा, थरथरलेलं वळण. त्याच अक्षराची रेषा हाताने, बिंदू ठेवत, काढून बघा म्हणतो. ज्याने बोरूने ‘क’ चा गोलावा पन्नासदा घोटलाय त्याला चार-सहा बिंदू पुरतात, कारण वळण कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे त्याच्या मनगटाला माहीत असतं. ज्याने घोटलं नाही तो वीस बिंदू ठेवतो आणि तरी अक्षर वाकडंच. हात आधी आणि यंत्र नंतर का, याचा पुरावा मुलांना त्या पडद्यावरच मिळतो. शेवटी पाटी छापून दुकानावर लागते.

रंगांचं एक छोटं काम आहे. पळसाची फुलं उकळून, गेरू घोटून, चुन्यात हळद कालवून, चुलीच्या काजळीतून रंग करायचे. अजिंठ्यातही गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी असेच रंग होते, निळा तेवढा दुरून आणलेल्या दगडाचा. मग त्या रंगपट्ट्यांचे फोटो काढायचे आणि पडद्यावरचा रंग कागदावरच्या रंगाशी जुळवायचा प्रयत्न करायचा. तो जुळत नाही. का जुळत नाही हे समजावताना प्रकाशाचे तीन रंग आणि शाईचे चार रंग यांतला फरक इतक्या सहज येतो की विज्ञानाच्या सरांनी वर्गात येऊन बसावं.

नंदुरबारबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं. या जिल्ह्यात लोकसंख्येचा सुमारे ६९ टक्के भाग आदिवासी. तिथल्या अनेक शाळांत, आश्रमशाळांत, भिंतीवर ‘आदिवासी कला’ म्हणून वारली चित्रं रंगवलेली दिसतात. वारली चित्रकला थोर आहे, पण ती डहाणू-पालघरच्या बाजूची. अक्कलकुवा, धडगावच्या भिल्ल आणि पावरा मुलांना आपली कला म्हणून दुसऱ्या टोकाच्या माणसांची कला चार्टवरून गिरवायला लावणं हे त्यांच्याजवळ काहीच नाही असं सांगण्यासारखं आहे. त्यांच्याजवळ काय आहे ते होळीला सातपुड्यात जाऊन बघा. व्रत पाळून नाचणारे बुध्या. अंगभर पांढरी नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला भोपळे नि घुंगरं. पावरी हे वाद्य, मोठाले ढोल, बांबूचं काम, चांदीचे दागिने. एकेका अंगावरच्या नक्षीत संकल्पचित्राचा अख्खा अभ्यासक्रम भरलेला आहे.

वारलीकडून मात्र एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ती चित्रं मूळ भिंतीवरची, लग्नात काढायच्या चौकोनी चित्राची म्हणजे चौकाची, बायकांच्या हातची. १९७० च्या दशकात ती कागदावर आली, जिव्या सोमा मशे यांनी ती जगापुढे नेली. भिंतीवरून कागदावर येणं हेही माध्यम बदलणंच होतं, आणि त्याने कला मेली नाही. धडगावच्या मुलीने अंगावरच्या नक्षीची रेघ टॅबवर काढली म्हणून सातपुडा बुडणार नाही. पण विचारून काढावी. बुध्याची नक्षी हा शोभेचा नमुना नाही, ते व्रत आहे. कुठलं रूप शाळेत आणावं, कुठलं कॅलेंडरवर छापू नये, हे गावातल्या जाणत्यांनी सांगावं आणि शाळेने ऐकावं. मुलांना ‘विचारणं’ शिकवणं हाही कलाशिक्षणाचाच भाग आहे, कारण संगणकावर कुणाचंही काहीही उचलणं फार सोपं झालंय.

यावर आज सगळ्यात आधी येणारा आक्षेप एआयचा. दोन ओळी लिहिल्या की चित्र मिळतं, मग पोरांनी बोरू कशाला धरायचा? हा आक्षेप मी हलका मानत नाही. माझ्याच वर्गातल्या मुलांनी ‘खान्देशातली कानबाई’ असं लिहून चित्र मागवलं. जे आलं ते देखणं होतं आणि चुकीचं होतं. देवी बंगालच्या दुर्गेसारखी, मांडणी कुठल्याशा लग्नाच्या हॉलसारखी. ज्यांच्या घरी श्रावणात कानबाई बसते, रोट होतात, त्यांना ते लगेच कळलं. ज्यांच्या घरी बसत नाही त्यांना काहीच खटकलं नाही. एआयने मुलांचं चित्र काढणं संपवलं नाही, पण ‘हे चूक आहे’ हे ओळखण्याची गरज कितीतरी पटींनी वाढवली. ती ओळख पाहून, हाताळून, काढूनच येते. नाहीतर आणखी दहा वर्षांनी आपल्याच पोरांना कानबाई तशीच असते असं वाटेल.

दुसरा आक्षेप पोटाचा. ‘चित्रं काढून काय मिळणार?’ असं विचारणाऱ्या बापाला मी दोष देत नाही. कापसाला भाव नाही, केळीवर रोग, आणि पोरगा दहावीला. त्याला इतकंच सांगावंसं वाटतं की गावातला फ्लेक्सवाला, लग्नपत्रिका छापणारा, केळीच्या खोक्यावरचं चित्र करणारा, हे सगळे याच हुन्नरावर जगतात. पण उत्तर तेवढ्यावर थांबवायला मी तयार नाही. ज्या मुलाला बघता येतं त्याला शेतात, दुकानात, दवाखान्यात, कुठेही बघता येतं.

खरी अडचण पैशाची नाहीच, वेळापत्रकाची आणि माणसाची आहे. पस्तीस मिनिटांच्या तासात मूल रंग काढतं, पाणी आणतं, आणि घंटा होते. आठवड्यात चित्रकलेच्या दोन तासिका असतील तर त्या जोडून द्या, आणि त्याच वेळी संगणक खोली मोकळी ठेवा. याला शासनाचा आदेश लागत नाही, मुख्याध्यापकाची एक सही लागते. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला द्यायची पद्धतही त्याच सहीने थांबते.

माणसाचा प्रश्न मोठा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कलेसाठी अर्धवेळ निदेशक ठेवायला सांगितलं. ‘अर्धवेळ’ हा शब्द कायद्यातच बसला आणि कलाशिक्षक कायमचा अर्धा झाला. शंभराखालच्या शाळांना तर तोही नाही, आणि खेड्यातल्या, पाड्यातल्या शाळा बहुधा शंभराखालच्याच असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यात भिंती नकोत असं म्हटलंय, सहावी ते आठवीत दप्तराविना दहा दिवस सुतार, कुंभार, कलावंतांकडे शिकायला पाठवावं असंही म्हटलंय. छान आहे. पण ते दहा दिवस आखणार कोण? ज्या शाळेत कलाशिक्षकच नाही तिथे ते दिवस फोटो काढून अपलोड करण्यात संपतील. आधी पूर्णवेळ माणूस द्या. शाळांना टॅब वाटण्याआधी जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेत चित्रकला शिक्षकांना आठवडाभर इंकस्केप आणि क्रिटा शिकवा, संगणक निदेशकांना आठवडाभर माती मळायला आणि बोरू धरायला लावा. आणि गुलाबाई घडवणारा कुंभार किंवा पावरी वाजवणारा म्हातारा शाळेत येईल तेव्हा त्याला हार-नारळ देऊन परत पाठवू नका, शिक्षकाला देता तसं मानधन द्या.

राहिली परीक्षा, कारण आपल्याकडे परीक्षेत जे नाही ते शाळेत नाही. कला संचालनालयाने इंटरमिजिएटमध्ये स्मरणचित्राच्या पेपराला पर्याय म्हणून वर्षभराचा एक प्रकल्प घ्यायला परवानगी द्यावी, सुरुवातीला निवडक जिल्ह्यांत, आणि त्यांत खान्देशातला एक असावा. प्रकल्पासोबत कच्च्या रेखाटनांची वही सक्तीची ठेवावी. नक्कल पकडायची भीती सगळे बोलून दाखवतात, पण तयार झालेलं चित्र कुणीही कुठूनही आणू शकतो, तीस पानांची चुकलेली, खोडलेली, पुन्हा काढलेली वही आणता येत नाही. परीक्षकाने दहा मिनिटं मुलासमोर बसून ती वही चाळावी. हा बैल असा का बसवला, हा रंग कशाचा केला, हे गाणं कुणी म्हटलं, असं विचारावं. मुलाने अहिराणीत उत्तर दिलं तर ते अहिराणीतच ऐकून घ्यावं, आणि मग श्रेणी द्यावी.